ठसका पाण्याचाच का लागतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: वय चाळीसच्या आसपास, तब्येत उत्तम, जेवताना कधी काही अडकत नाही, पण महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी साधं पाणी पिताना डोळ्यांत पाणी येईपर्यंत ठसका लागतो. पाणी तर चावावंही लागत नाही, मग तेच का? शिवाय पडजीभ श्वासनलिकेवर झाकण घालते असं लहानपणापासून ऐकलंय, तर ते झाकण मध्येच फसतं का? आणि बाटलीला तोंड लावून घटाघटा प्यायलं तर घशात वेगळं काही घडतं का?

वीसेक वर्षं मी गिळण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या माणसांबरोबर काम करते आहे. गिळायला सगळ्यात अवघड काय, असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर पाणी हेच असेल. ताकदीच्या हिशेबाने पाणी सोपं आहे, वेळेच्या हिशेबाने अतिशय कठीण. घास चुकला तर घशाला सावरायला थोडी सवड मिळते. पाणी ती देत नाही.

आधी एक करून बघा. बोटाचं टोक कंठमण्यावर हलकेच टेकवा (बायकांमध्ये तो दिसत नसला तरी चाचपल्यावर लागतो) आणि आवंढा गिळा. बोटाखालचं कूर्चेचं टोक वर सटकतं, क्षणभर वरच राहतं आणि मग खाली येतं. ते साधारण दोन सेंटिमीटर वर जातं. तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं या एवढ्याशा हालचालीत आहेत.

नाक वर आणि मागच्या बाजूला उघडतं, तोंड पुढच्या बाजूला. पण घशाच्या तळाशी पोचलं की श्वासनलिका पुढे असते आणि अन्ननलिका तिच्या मागे. म्हणजे हवेची वाट मागून पुढे येते, पाण्याची पुढून मागे जाते, आणि दोन्ही वाटा घशात एकमेकींना छेदतात. दिवसभर हा चौक हवेच्या ताब्यात असतो. स्वरयंत्र उघडं, अन्ननलिकेचं तोंड घट्ट मिटलेलं. गिळताना हे चित्र पूर्ण उलटावं लागतं, म्हणजे स्वरयंत्र बंद आणि अन्ननलिका उघडी, आणि सेकंदभरात पुन्हा होतं तसं करावं लागतं, कारण श्वास घ्यायचा असतो.

आता पाण्याचा वेग बघा. मोकळं सोडलेलं पाणी १० सेंटिमीटर खाली पडायला सेकंदाचा सुमारे सातवा भाग घेतं. जिभेच्या मागच्या भागापासून स्वरयंत्रापर्यंतचं अंतर याच मापाचं आहे. स्वरयंत्र बंद व्हायला लागणारा वेळही साधारण तेवढाच. म्हणजे पाणी आधी सुटलं आणि घसा नंतर जागा झाला तर शर्यत पाणीच जिंकणार. घोट गिळण्याची सगळी यंत्रणा ही शर्यत होऊच नये म्हणून आहे.

तोंडातला भाग पटकन सांगते. मोठा माणूस आपल्या मनाने पितो तेव्हा एक घोट साधारण १५ ते २५ मिलिलिटरचा असतो. जीभ मध्ये वाटीसारखी खोलगट होते, कडा दातांच्या आतल्या हिरडीला चिकटतात, मागे जिभेचं बूड वर उचलून मऊ टाळूला टेकतं आणि पाणी त्या वाटीत धरलं जातं. काही माणसं घोट जिभेवर धरतात, काही जिभेच्या टोकाखाली, खालच्या दातांच्या मागे. दुसऱ्या प्रकारच्यांना गिळण्याआधी जीभ बुडवून पाणी वर उचलून घ्यावं लागतं. दोन्ही पद्धती निरोगी आहेत. मग जिभेचं टोक टाळूला टेकतं आणि तिथून मागे मागे जीभ टाळूवर दाबत जाते, पाणी मागे सरकतं.

ओठ आणि जबडा मिटलेले असणं इथे किती महत्त्वाचं आहे ते कळायला तोंड उघडं ठेवून आवंढा गिळून बघा. जमलंच तर फार कष्टाने जमेल. जबडा स्थिर नसला की त्याला धरून ओढणाऱ्या स्नायूंना आधारच उरत नाही. हे लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं याच ओढीवर चालतं.

घोट मागे गेला की गिळण्याची क्रिया सुटते. ती एखाद्या बटणासारखी सुटते अशी कल्पना जुन्या पाठ्यपुस्तकांतून आली आहे. तोंडाच्या मागच्या कमानीला पाणी लागलं की क्रिया सुरू, असं आम्हालाही शिकवलं होतं. प्रत्यक्षात घशातल्या, जिभेच्या बुडाच्या आणि स्वरयंत्राच्या वरच्या कडेच्या संवेदना मेंदूच्या बुडाशी, मेडुला नावाच्या भागात गोळा होतात. त्या पुरेशा झाल्या आणि वरून मेंदूनेही होकार दिला की तिथलं जाळं ठरलेल्या क्रमाने हुकूम सोडतं. पंचवीसहून अधिक स्नायूंच्या जोड्या आणि मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या, सातव्या, नवव्या, दहाव्या, बाराव्या मज्जातंतूंच्या जोड्या यात असतात. एकदा हुकूम सुटला की घोट मध्यावर थांबवता येत नाही.

संवेदना लागते हे स्वतःवर तपासता येतं. लागोपाठ कोरडे आवंढे गिळा. पहिला सहज जातो, दुसरा जातो, तिसऱ्या-चौथ्याला घसा ऐकेनासा होतो. स्नायू दमलेले नसतात. गिळायला काही उरलेलं नसतं, म्हणून क्रिया सुटत नाही. एक घोट पाणी घ्या, लगेच सुटेल.

अनेकांना विनाकारण धास्ती पडते म्हणून इथे एक सांगते. तपासणीच्या अहवालात कधी कधी लिहिलेलं असतं की गिळण्याची क्रिया सुरू होण्याआधीच द्रव जिभेच्या बुडामागच्या खोबणीपर्यंत पोचला होता. निरोगी माणूस आपल्या नादात पाणी पितो तेव्हाही हे सर्रास घडतं. 'आता गिळा' असं सांगून गिळायला लावलं तर तोच माणूस पाणी तोंडात नीट धरून ठेवतो आणि चित्र वेगळं दिसतं. म्हणून तपासणीत शक्य असेल तिथे मी सूचना न देता, माणसाला हवं तसं पिऊ देते. घरी तो कुणाच्या सूचनेवर पाणी पीत नाही.

आता तो अर्धा-पाऊण सेकंद. व्हिडिओफ्लोरोस्कोपी, म्हणजे बेरियम मिसळलेला द्रव पिताना क्ष-किरणांनी घेतलेलं चलचित्र, सेकंदाला ३० फ्रेम्सने नोंदवतात. एका घोटाचा घशातला भाग वीस-पंचवीस फ्रेम्समध्ये संपतो. मी तो एकेक फ्रेम पुढे सरकवत बघते, आणि इतक्या वर्षांनंतरही मला त्याचं नवल वाटतं. पहिल्या दोन-तीन फ्रेम्समध्ये मऊ टाळू मागे-वर जाऊन घशाच्या मागच्या भिंतीला टेकतो आणि नाकाची वाट बंद होते. हसता हसता प्यायलेलं पाणी नाकातून येतं ते हे दार वेळेवर लागलं नाही म्हणून. पडजीभ या मऊ टाळूच्या कडेला लोंबणारा तुकडा आहे. ती टाळूबरोबर वर जाते, श्वासनलिकेच्या जवळपासही नसते. तेव्हा झाकणाचं श्रेय पडजिभेला देता येत नाही.

तुम्ही ऐकलेलं झाकण म्हणजे एपिग्लॉटिस, जिभेच्या बुडामागे उभं असलेलं कूर्चेचं पान. पण तेही खरं झाकण आहे असं मी म्हणणार नाही. स्वरयंत्र तीन ठिकाणी बंद होतं. सगळ्यात खाली स्वरतंतू एकमेकांना मिटतात. त्यांच्या वर मागच्या बाजूच्या दोन छोट्या कूर्चा पुढे झुकून एपिग्लॉटिसच्या बुडाला टेकतात. सर्वांत शेवटी एपिग्लॉटिसचं पान मागे, खाली वळतं. बंद होण्याची दिशा साधारणपणे खालून वर असते आणि त्यात शहाणपण आहे, कारण एखादा थेंब आत शिरला असेल तर तो वर पिळून बाहेर टाकला जातो. माझ्या लेखी खरी कुलपं पहिली दोन आहेत. काही शस्त्रक्रियांमध्ये एपिग्लॉटिस काढावं लागतं, त्यातली बरीच माणसं पुन्हा सुरक्षित प्यायला शिकतात. ज्यांची ती दोन कुलपं लागत नाहीत त्यांना फार जड जातं.

एपिग्लॉटिसचं काम मला नदीतल्या दगडासारखं दिसतं. समोरून फोटो घेतला तर पाण्याची धार या पानाशी येऊन दुभंगते, स्वरयंत्राच्या डाव्या-उजव्या अंगाने दोन खळग्यांतून खाली जाते आणि अन्ननलिकेच्या तोंडाशी पुन्हा एक होते. घोट सरळ स्वरयंत्रावरून जात नाही, त्याला वळसा घालतो. आणि हे पान स्वतःच्या ताकदीने फारसं वळत नाही. जिभेचं बूड मागे येऊन त्याला दाबतं आणि गळ्यातलं हायॉइड नावाचं हाड पुढे जातं, त्यामुळे ते खाली पडतं.

हायॉइड म्हणजे हनुवटीच्या खाली, गळ्याच्या वरच्या बाजूला असलेलं नालेच्या आकाराचं छोटं हाड. ते दुसऱ्या कुठल्याही हाडाशी सांध्याने जोडलेलं नाही, स्नायू आणि दोऱ्यांवर टांगलेलं आहे. गिळताना हनुवटीच्या आतल्या बाजूचे स्नायू त्याला आधी वर आणि मग पुढे खेचतात. स्वरयंत्र हायॉइडला टांगलेलं असल्याने तेही मागोमाग वर-पुढे जातं आणि जिभेच्या बुडाच्या आडोशाला शिरतं. तुमच्या बोटाला कंठमणी सटकलेला जाणवला तो हाच क्षण. पाणी जिथे पडणार होतं तिथून स्वरयंत्र बाजूला झालेलं असतं.

याच ओढीने दुसरं मोठं काम होतं, आणि ते सगळ्यात कमी लोकांना माहीत असतं. अन्ननलिकेचं वरचं तोंड एरवी बंद असतं. तिथला मुख्य स्नायू क्रिकोफॅरिंजियस. तो नालेसारखा मागून वळसा घालतो आणि त्याची दोन टोकं स्वरयंत्राच्या तळाच्या कूर्चेला दोन्ही बाजूंनी जोडलेली असतात. श्वास घेताना हवा पोटात जाऊ नये आणि पोटातलं वर येऊ नये म्हणून तो सतत आवळलेला राहतो. गिळताना मेंदूचा निरोप आला की तो सैल पडतो. पण सैल पडणं म्हणजे उघडणं नाही. सैल पडलेली पिशवी मिटलेलीच असते, तिचं तोंड कुणीतरी ओढून उघडावं लागतं. ते काम हायॉइडला पुढे खेचणाऱ्या स्नायूंचं आहे. स्वरयंत्र पुढे ओढलं गेलं की त्याच्या पाठीला चिकटलेली अन्ननलिकेच्या तोंडाची पुढची भिंत मागच्या भिंतीपासून सुटते आणि तोंड उघडतं. तिसरा वाटा खुद्द पाण्याचा. वरून येणारा घोट आपल्या दाबाने ते तोंड आणखी रुंद करतो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं घसा पाणी खाली ढकलतो आहे. मी शिकाऊ सहकाऱ्यांना पहिल्या दिवशी सांगते की पाण्याच्या बाबतीत आधी दार बघा, धक्का नंतर. दार वेळेवर आणि पुरेसं उघडलं तर पाणी स्वतःच्या वजनाने आणि जिभेच्या थोड्याशा रेट्याने निघून जातं. ढकलणाऱ्या स्नायूंची लाट, म्हणजे जिभेचं बूड मागे येणं आणि घशाच्या भिंती वरून खाली आवळत जाणं, पाण्याच्या पाठीमागून येते आणि मागे राहिलेलं पुसून नेते. जिभेची पूर्ण ताकद लावली तर निरोगी प्रौढ माणूस टाळूवर सुमारे ६० किलोपास्कल दाब देऊ शकतो. पाण्याचा घोट गिळायला त्याचा एक भाग पुरतो. उरलेली शिल्लक असते. वय वाढतं तशी कमाल ताकद उतरते, पण गिळायला लागणारा दाब साधारण तेवढाच राहतो. म्हणजे शिल्लक कमी होते. म्हाताऱ्या माणसाचं रोजचं गिळणं ठीक चालतं आणि आजारपणात एकदम बिघडतं, त्याचं एक मोठं कारण हे आहे.

शरीर घोटाचं माप घेऊन हिशेब बदलतं. ५ मिलिलिटरचा घोट आणि २० मिलिलिटरचा घोट यांसाठी अन्ननलिकेचं तोंड सारखं उघडत नाही. मोठ्या घोटाला ते आधी उघडतं, जास्त रुंद होतं आणि जास्त वेळ उघडं राहतं. स्वरयंत्रही जास्त वेळ बंद राहतं. हा अंदाज घोट तोंडात असतानाच जिभेवरच्या स्पर्शावरून बांधला जातो. म्हणून घोट छोटा असेल असं वाटलं आणि ग्लासातून अचानक मोठा लोट आला की गडबड होते. ताकद पुरेशी असते, तयारी भलत्या मापाची झालेली असते.

श्वासाचं गणितही यातच बसतं. गिळताना श्वास पूर्ण थांबतो, साधारण अर्धा ते दीड सेकंद. निरोगी माणसं बहुतेक वेळा श्वास सोडत असताना मध्येच गिळतात आणि गिळून झाल्यावर उरलेला श्वास सोडतात. त्याचा फायदा उघड आहे. स्वरयंत्राचं दार पुन्हा उघडतं तेव्हा हवा बाहेरच्या दिशेने वाहत असते, आणि कडेला राहिलेला थेंब आत ओढला जाण्याऐवजी बाहेर फुंकला जातो. आरशासमोर उभं राहून एक घोट प्या आणि नंतरच्या पहिल्या श्वासाकडे लक्ष द्या. 'हाऽ' असा निःश्वास ऐकू येईल. तहानलेला माणूस ग्लास खाली ठेवताना जो आवाज काढतो, तो हाच.

आता घटाघटा पिण्याबद्दल. लागोपाठ पिणं म्हणजे सुट्या घोटांची माळ, असं समजू नका. घसा त्यासाठी वेगळी व्यवस्था लावतो. काही माणसांचं स्वरयंत्र प्रत्येक घोटानंतर खाली येतं, एपिग्लॉटिस उभं राहतं आणि पुढच्या घोटाला सगळं नव्याने घडतं. काहींचं स्वरयंत्र पूर्ण खाली येतच नाही. ते अर्धवट वर थांबतं, एपिग्लॉटिस वळलेलंच राहतं आणि घोट एकामागून एक सरकत जातात. काही जण दोन्ही मिसळतात. तिन्ही प्रकार निरोगी माणसांत सापडतात. यात पुढचं पाणी बहुतेक वेळा घशात आधीच उतरलेलं असतं, मागचा घोट अजून पुरता संपायचा असतो. चुकीला जागा फार थोडी उरते. आणि सुट्या घोटामागे निःश्वास येण्याची जी शिस्त असते ती इथे सैल होते. दम लागला की माणूस शेवटच्या घोटानंतर सरळ श्वास आत ओढतो. लांबलचक पिण्याच्या अगदी शेवटी ठसका लागतो, त्यामागे बहुधा हेच असतं.

अन्ननलिकेत पाणी शिरलं की माझ्या दृष्टीने धोक्याचा भाग संपला, पण एक जुना वाद सांगायलाच हवा. १८८० च्या दशकात क्रोनेकर आणि मेल्टझर या शरीरशास्त्रज्ञांनी मांडलं की द्रव तोंडाच्या तळाच्या स्नायूंच्या जोराने पिचकारीसारखा खाली उडतो आणि अन्ननलिकेची लाट त्याच्या मागून येते. १८९५ मध्ये क्ष-किरण सापडले आणि तीनच वर्षांत, १८९८ मध्ये, कॅनन आणि मोझर यांनी प्राण्यांना क्ष-किरणांत दिसणारं बिस्मथ मिसळलेलं अन्न देऊन गिळणं पडद्यावर प्रत्यक्ष बघितलं. पाणी पिचकारीसारखं उडतं की लाटेने ढकललं जातं, या वादाच्या आज आपल्याला दोन्ही बाजू कळतात. उभ्या किंवा बसलेल्या माणसात पाण्याचा मोठा भाग गुरुत्वाकर्षणामुळे लाटेच्या पुढे धावतो. अन्ननलिकेची लाट सेकंदाला काही सेंटिमीटर अशा संथ गतीने मागून येते आणि २० ते २५ सेंटिमीटरचं अंतर कापायला तिला आठ-दहा सेकंद लागतात. गुरुत्वाकर्षण मात्र अत्यावश्यक नाही. डोकं खाली, पाय वर केलेला माणूसही पाणी गिळू शकतो आणि अंतराळवीर वजनरहित अवस्थेत पितात, ते या लाटेच्या जोरावर. लागोपाठ पिताना प्रत्येक नवा घोट आधीची लाट दाबून टाकतो. अन्ननलिका सैल राहते, पाणी वाहत राहतं आणि शेवटच्या घोटानंतर एक जोरदार लाट येऊन सगळं साफ करते.

पाणी घट्ट असतं तर? पाण्याची श्यानता, म्हणजे वाहण्याला होणारा अंतर्गत विरोध, २० अंश सेल्सिअसला सुमारे १ मिलिपास्कल-सेकंद असते. द्रव घट्ट केला की तो जिभेवरून हळू सरकतो आणि स्वरयंत्राला बंद व्हायला वेळ मिळतो. ज्यांचा घसा उशिरा जागा होतो त्यांना आम्ही म्हणूनच काही वेळा घट्ट केलेलं पेय देतो. घट्टपणा मोजायची जागतिक पद्धत साधी आहे. १० मिलिलिटरच्या ठरावीक सिरिंजमध्ये द्रव भरायचा, तोंडावरचं बोट काढायचं, दहा सेकंदांनी पुन्हा लावायचं आणि किती उरलं ते बघायचं. १ मिलिलिटरपेक्षा कमी उरलं तर तो द्रव पातळ, शून्य पातळीचा. ४ ते ८ मिलिलिटर उरलं तर पातळी क्रमांक दोन. पण घट्ट द्रवाची किंमतही मोजावी लागते. तो ढकलायला जास्त जोर लागतो, घशाच्या खोबणीत मागे उरतो, आणि माणसाला तो आवडत नाही म्हणून तो एकूणच कमी पितो. निरोगी माणसाने ठसक्याच्या भीतीने काही घट्ट करून पिण्याची मुळीच गरज नाही. मला हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण तपासणीशिवाय स्वतःच सुरू केलेले असे उपाय मी बघितले आहेत, आणि त्यातून नुकसानच झालेलं बघितलं आहे.

आता तुमचा ठसका. निरोगी माणसात पाण्याचा थेंब स्वरयंत्राच्या उंबऱ्यापर्यंत येणं आणि परत बाहेर जाणं हे अधूनमधून घडतच असतं. त्यासाठी १९९६ पासून वापरात असलेली आठ पायऱ्यांची मोजपट्टी आहे. पहिली पायरी म्हणजे काहीच शिरलं नाही, दुसरी म्हणजे वरच्या भागात शिरलं आणि आपोआप बाहेर गेलं. निरोगी माणसांचे बहुतेक घोट या दोन पायऱ्यांवर असतात, आणि त्यांना कळतही नाही. ठसका लागतो तो थेंब स्वरतंतूंपर्यंत किंवा त्यांच्याखाली पोचतो तेव्हा. स्वरयंत्राची आतली त्वचा शरीरातल्या सगळ्यात हळव्या जागांपैकी आहे, आणि तिने ठसक्याने दिलेलं उत्तर हे संरक्षण शाबूत असल्याचं लक्षण आहे.

मग महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी ती वेळ का चुकते? कारणं बहुधा अशी असतात. घोट तोंडात असताना कुणी हाक मारली आणि उत्तर द्यायला श्वास आत घेतला. मोबाइलवर किंवा बोलण्यात लक्ष होतं, त्यामुळे घोट धरून ठेवणारी जिभेची मागची बाजू सैल राहिली. धावून आल्यावर धाप लागलेली असताना प्यायलं, तेव्हा श्वासाला थांबायला वेळच नव्हता. आणि तळाचं शेवटचं पाणी प्यायला मान मागे टाकली. हे शेवटचं कारण मला फार वेळा सापडतं. मान मागे गेली की तोंडातलं पाणी जिभेवर थांबत नाही, उतारावरून सुटतं. त्याच वेळी गळ्याची पुढची बाजू ताणलेली असल्याने स्वरयंत्राला वर-पुढे सरकायला वाव कमी मिळतो आणि अन्ननलिकेचं तोंडही कमी उघडतं. पाणी लवकर येतं आणि दार उशिरा उघडतं. करून बघायचं असेल तर पाण्याने बघू नका, मान पूर्ण मागे टाकून नुसता आवंढा गिळा. किती जड गेला ते कळेल. मग हनुवटी थोडी छातीकडे घेऊन पुन्हा गिळा.

तेव्हा बसून, हनुवटी सरळ किंवा किंचित खाली ठेवून, आपल्या नेहमीच्या मापाचा घोट घ्या. बाटलीतून पिताना मान मागे न टाकता बाटली वाकवा. धाप लागली असेल तर आधी दोन-तीन श्वास घ्या. ठसका लागलाच तर मनसोक्त खोकू द्या. ठसका थांबवायला लगेच वरून आणखी पाणी पिऊ नका, कारण त्या क्षणी श्वासनलिकेचं दार उघडं असतं. पाठीवर थापट्या मारण्याचीही गरज नसते, खोकला स्वतःच काम करतो.

तुमच्या वर्णनात मला काळजीचं काही दिसत नाही. पण पुढच्यापैकी काही असेल तर तपासून घ्या: ठसका रोज किंवा जवळजवळ प्रत्येक वेळी पाणी पिताना लागू लागला, पाणी प्यायल्यावर आवाज ओलसर, गुळगुळणारा होतो, पाणी नाकातून वारंवार येतं, घास छातीत अडकल्यासारखा वाटतो, कारण नसताना वजन उतरतं, किंवा छातीत पुन्हा पुन्हा संसर्ग होतो. गिळण्याचा त्रास अचानक सुरू झाला आणि सोबत बोलणं अडखळणं, तोंड वाकडं होणं किंवा हातापायातली ताकद जाणं असेल तर एक मिनिटही न घालवता रुग्णालयात जा. घरात वयस्कर माणूस असेल, विशेषतः पक्षाघात किंवा पार्किन्सन झालेला, तर ठसका लागत नाही म्हणून निश्चिंत राहू नका. स्वरयंत्राची संवेदना बोथट झाली असेल तर पाणी आत जातं आणि खोकला येतच नाही. अशा माणसाच्या बाबतीत घोटानंतर त्याला 'आ' म्हणायला लावून आवाज ऐका, आणि तो ओलसर वाटला तर गिळण्याची तपासणी करून घ्या.